लांब नव्हे, लांबट

बाई, तुमच्याबद्दल लिहायला बसले आणि पहिली अर्धी ओळ लगेच खोडली. ‘दीर्घ आजाराने’ असं लिहून गेले होते, निव्वळ सवयीने. तुम्ही तर तीन दिवसांत गेलात. शिवाय ‘दीर्घ’ हा शब्द आपल्या दोघींच्या मध्ये कसा येऊन बसला होता, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

तो जानेवारीतला रविवार होता. नांदगावच्या शाळेत तुम्ही मला तीन वर्षं मराठी शिकवलंत, त्याला आता बराच काळ लोटलाय. मी शेतकीची पदवी घेऊन नाशिकजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मालाची प्रत तपासायच्या कामाला लागले होते. तुम्ही निवृत्त होऊन तुमच्या लेकीकडे, प्रज्ञाताईंच्या कॉलनीतल्या घरी राहायला आला होतात. महिन्यातून एखादा रविवार मी तुमच्याकडे यायची. त्या दिवशी माझ्या हातात एक तक्ता होता. द्राक्षाच्या मण्याचे तीन आकार आणि कोणता मणी कोणत्या टेबलावर जायचा, असं इंग्रजीत आलेलं ते पत्रक. मी त्याचं मराठी केलं होतं. वर्तुळाकार, दीर्घवृत्ताकार, दीर्घ. ऱ्हस्वदीर्घ तेवढं तुमच्या नजरेखालून जावं, एवढीच इच्छा होती. खरं सांगायचं तर शाबासकीही हवी होती.

“शुद्धलेखन बरोबर आहे,” तुम्ही म्हणालात. “पण हे कोणासाठी लिहिलंस?”

“टेबलावर काम करणाऱ्या बायकांसाठी.”

“त्या या मधल्या आकाराला काय म्हणतात?”

“त्यांच्याकडे शब्द कुठे असतो, बाई. हा आणि तो, एवढंच.”

तुम्ही चष्मा काढून पदराला पुसलात. “कल्पना, शब्द नसलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही,” एवढंच बोललात आणि चहा टाकायला उठलात. मला वाटलं, वय झालं की माणसं अशी बोलतात. सोमवारी मी तोच तक्ता भिंतीवर लावला.

पंधरा दिवसांत घोटाळा झाला. एका लॉटमध्ये दोन आकारांचा माल एकत्र गेला आणि भरलेल्या पेट्या पुन्हा उघडाव्या लागल्या. मॅनेजर तणतणत आले. शोध घेतला तेव्हा कळलं, यमुनाबाईंच्या टेबलावरून माल मिसळला होता. यमुनाबाई दरवर्षी हंगामाला सुरगाण्याहून येत. हात इतका हलका की घडावरची पांढुरकी लव पुसली जायची नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारणीने तक्ता एकदा वाचून दाखवला होता आणि त्यात त्यांना दोनदा ‘दीर्घ’ ऐकू आलं. एकाच नावाचा माल म्हणून त्यांनी तो एकाच क्रेटमध्ये टाकला. मॅनेजरांनी त्यांना टेबलावरून काढून क्रेट धुवायला लावलं. मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही.

संध्याकाळी तुम्हाला फोन केला तो गाऱ्हाणं सांगायला. बायका लक्ष देत नाहीत, एवढा तक्ता करूनही चुका करतात, वगैरे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “मला एकदा तिथे घेऊन चल.”

तुम्ही आलात तेव्हा जेवणाची सुट्टी होती. बायका डोक्यावरच्या टोप्या काढून शेडखाली डबे उघडून बसल्या होत्या. तुम्ही पांढऱ्या साडीची पर्वा न करता एक क्रेट उलटा करून त्यावर बसलात आणि तळहातावर तीन मणी ठेवलेत.

“हा कसा आहे?”

“गोल,” सगळ्या म्हणाल्या.

“आणि हा टोकाचा?”

“लांब.”

“मग हा मधला?”

आधी सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, बघा, मी म्हटलंच होतं. आणि मग एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली लांबुळका. दुसरी म्हणाली, नाय, आमच्यात लांबोडका म्हणतात. तिसरीने बोटांनीच आकार करून दाखवला. नळाजवळ यमुनाबाई क्रेट धूत होत्या. त्या ओल्या हातांनीच पुढे आल्या.

“लांबट,” त्या म्हणाल्या.

“परत सांगा,” तुम्ही म्हणालात.

“लांबट. लांब नाय, पण गोल बी नाय ऱ्हायला. लांबाकडं चाललाय.”

तुम्ही तो मणी उजेडात धरलात आणि ‘लांबट’ हा शब्द दोनदा उच्चारलात, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. मग बायकांना विचारलंत, खारट म्हणजे काय? मिठाकडे गेलेलं. कडवट? कडूकडे झुकलेलं. “शेवटी ट आला की शब्द पुरता पोचत नाही, त्या बाजूला नुसता कलतो,” तुम्ही म्हणालात. त्यावर एक जण घास गिळत म्हणाली, “मळकट.” दुसरी म्हणाली, “तेलकट.” कोणीतरी मॅनेजरांच्या केबिनकडे बघून “पोरकट” म्हणालं आणि हशा पिकला. शाळेत तुमचा व्याकरणाचा तास असा कधी रंगला नव्हता, बाई. आम्ही वह्यांत उतरवून घ्यायचो. इथे बायका डब्यातून शब्द काढून तुमच्या हातावर ठेवत होत्या.

मग तुम्ही त्यांना सांगितलंत की ‘लांब’ची मूळ गोष्ट वेगळीच आहे. जुन्या संस्कृतात लंब म्हणजे लटकणारा, खाली ओथंबलेला. लांबीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मला राहवलं नाही. “बाई, लटकण्याचा आणि लांबीचा संबंध काय?” तुम्ही तोंड उघडलंत, पण उत्तर यमुनाबाईंकडून आलं.

“आमच्याकडं भाताची लोंबी असते ना म्याडम. कवळी असते तवा उभी ऱ्हाते, आखूड दिसते. दाना भरला का वाकते. मंग खाली लोंबाया लागते, आन् लांब दिसते. लोंबली का लांब झाली.”

बोलून त्या भाकरी सोडायला गेल्या. बाकीच्या बायकांना यात विशेष काही वाटलं नाही. त्या लोणचं मागत होत्या, सासूबद्दल बोलत होत्या. मी मात्र तुमच्याकडे बघत होते. तुमच्या हातावर शहारा आला होता. लोंबी, लोंबणे, लांब, असं तुम्ही पुटपुटलात. “मी इतकी वर्षं हे शब्द शिकवले, कल्पना. पण शेजारी शेजारी उभे राहिलेले आज पाहिले.” लोंबी त्याच मुळाची की नाही, हे तुम्हीही छातीठोकपणे सांगितलं नाहीत. पुढे फोनवर म्हणाला होतात की अभ्यासकांना विचारायला हवं. पण ज्या क्षणी एका शब्दाचं हजारो वर्षांपूर्वीचं काम भातशेतीतल्या बाईच्या डोळ्यांसमोर अजून चालू आहे असं कळलं, त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी देवळात हात जोडलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरही फारसं पाहिलेलं नाही.

तेवढ्यात मॅनेजर आले, ही गर्दी कसली म्हणून. तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि शांतपणे म्हणालात, “चूक या बाईंची नव्हती. चूक तक्त्याची आहे. दोन वेगळ्या आकारांची नावं एकाच शब्दाने सुरू होत असतील, तर ऐकून काम करणाऱ्याने काय करायचं?”

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. “बघते सर,” मी म्हणाले.

परत येताना गाडीत मी तुमच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा.

“तुम्ही मला सगळ्यांसमोर पाडलंत, बाई.”

“मी तुझं नाव घेतलं नाही.”

“घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांना कळलं.”

“मग तूच घ्यायचं होतंस.”

कॉलनी आली. तुम्ही उतरलात, “सांभाळून जा,” म्हणालात आणि जिन्याकडे वळलात. मी नेहमीसारखी वर आले नाही.

आता जे सांगते आहे ते तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तक्ता मी दुसऱ्याच दिवशी बदलला. गोल, लांबट, लांब. प्रत्येक शब्दापुढे मण्याचं खऱ्या मापाचं चित्र. त्या दिवसापासून माल मिसळला नाही. पुढच्या बैठकीत मॅनेजर म्हणाले, “मॅडमनी छान सोपं केलं.” मी मान हलवून ते कौतुक घेतलं. शब्द कोणाचा होता ते सांगितलं नाही. आणि यमुनाबाई हंगाम संपेपर्यंत क्रेटच धूत राहिल्या. त्यांना टेबलावर परत घ्या, असं म्हटलं असतं तर आधीची चूक माझी होती हेही म्हणावं लागलं असतं. ते माझ्याच्याने झालं नाही.

चार महिने मी तुमच्याकडे फिरकले नाही. मे संपता संपता तुमचाच फोन आला. कशी आहेस नाही, रागावलीस का नाही. थेट म्हणालात, “अगं, लटकण्यापासून लांबीपर्यंत आपण आलो. पण लांब म्हणजे दूर, हे कुठून आलं?”

मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसूनच घेतलं. तिथून आपला तो वाद सुरू झाला, दर आठवड्याला. माझं म्हणणं होतं की जे लटकतं ते जमिनीपासून सुटलेलं असतं, आपल्या हाताला लागत नाही, म्हणून दूर. तुम्हाला ते पटायचं नाही. “गाव कधी लांब नसतं, कल्पना,” तुम्ही म्हणायचात. “वाट लांब असते. बोलता बोलता वाट गळून पडली आणि बिचारं गाव लांब झालं.” मी म्हणायची, पुरावा द्या. तुम्ही म्हणायचात, शोधते आहे.

या वादातच एकदा तुम्ही तुमच्या वडिलांबद्दल बोललात. मला एवढंच ठाऊक होतं की ते सायखेड्याला गवंडी होते. भिंत उभी सरळ चढते आहे की नाही हे बघायला गवंडी वरून दोरीला बांधलेलं वजन सोडतात, तो ओळंबा. तुम्ही लहानपणी खाली उभ्या राहून तो हलायचा थांबला की वर आवाज द्यायचात, “थांबला, आबा.” अवलंब, विलंब, लंबक आणि ओळंबा, सगळी एकाच घरातली भावंडं आहेत, असं तुम्ही सांगितलंत. मग म्हणालात, “माझ्या आजोबांना ज्या पाठशाळेच्या ओसरीवरही कोणी उभं केलं नसतं, तिथला हा शब्द. माझ्या बापाच्या पिशवीत सुतळी गुंडाळून पडलेला असायचा. आता कोणी कोणाकडून घेतला, ते कोण सांगणार?”

तुमच्या आवाजात कडवटपणा नव्हता. अचंबा होता. मी फोन कानाला तसाच धरून बसले. मला एकाएकी वाटलं, आपण जे शब्द सकाळपासून वापरून फेकून देतो, ते किती माणसांच्या हातांतून, किती बंद दारांच्या फटींतून इथवर आले असतील. तुमच्याकडे शिकले तीन वर्षं, पण भाषेची भीती जाऊन तिचा आदर वाटू लागला तो त्या दिवशी.

बाई, त्या सगळ्या महिन्यांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, तक्त्याचं पुढे काय झालं, यमुनाबाईंचं काय झालं. मी प्रत्येक फोनच्या आधी ठरवायची की आज सांगू. मग तुम्ही एखादा शब्द काढायचात आणि तास निघून जायचा. मला वाटलं, तुम्ही विसरलात. सोयीचं होतं तसं वाटणं.

मग प्रज्ञाताईंचा फोन आला की तुम्हाला दवाखान्यात ठेवलंय. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. तोंडाला मास्क होता, बोलू देत नव्हते. तुम्ही डोळ्यांनीच बस म्हणालात. मी अर्धा तास काय काय बडबडले. रस्त्यावरची खोदाई, यंदाची थंडी, माझ्या मुलीची परीक्षा. बोलायचं होतं ते सोडून सगळं. तुम्ही माझा हात धरला होतात आणि मला वाटत राहिलं की तुम्ही वाट बघताय. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा मी म्हणाले, “उद्या येते.” तुम्ही हात सोडलात. पहाटे तुम्ही गेलात.

स्मशानातून परत येताना तुमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “फार लांब गेल्या गं बाई.” मी रडत होते, तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो तुमचा मुद्दा बरोबर असल्याचा. तुम्ही लांब नाही. तुमच्यापर्यंत जायची वाट होती, ती उरलेली नाही. मी हरले, बाई. हा वाद एवढ्यात संपायला नको होता.

रविवारी विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण, पंचशील झालं, मग माणसं एकेक करून बोलायला उठली. तुमचे जुने मुख्याध्यापक बोलले, कॉलनीतली मंडळी बोलली. आणि प्रज्ञाताई म्हणाल्या, “आता सुरगाण्याहून आलेल्या यमुनाताई दोन शब्द बोलतील.”

मी वळून पाहिलं. त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पहाटेच्या जीपने निघून, पुढे बस बदलून आल्या होत्या. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाल्या, “बाई मला फोन करायच्या. आठवड्याला एक डाव. नागलीच्या कणसाला काय म्हनतात, बांध फुटला तर काय म्हनतात, पोर रांगाया लागलं तर काय म्हनतात. मी सांगायची, त्या लिहून घ्यायच्या. मला लोकांनी काम लय सांगितलं. विचारलं नव्हतं कोनी काय. बाईंनी विचारलं.” एवढं बोलून त्यांनी माइक परत दिला.

म्हणजे तुम्ही काहीच विसरला नव्हतात. यमुनाबाईंनी तुम्हाला नक्कीच सांगितलं असणार की त्या शेवटपर्यंत क्रेटच धूत होत्या. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तरी तुम्ही मला दर आठवड्याला फोन करत होतात, शब्दाच्या निमित्ताने. मी बोलेन म्हणून. किती वेळ दिलात मला, बाई.

मी उठले. माइकसमोर जाऊन तुमच्याबद्दल एक वाक्यही बोलले नाही. म्हणाले, “यमुनाबाईंना टेबलावरून काढलं, ते माझ्या चुकीमुळे. तक्ता मी लिहिला होता. नंतर दुरुस्त केला, तो त्यांचा शब्द घेऊन. श्रेय मी घेतलं. हे मी बाईंना सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही. आज सांगते.” विहारात ओळखीचे चार-पाच जण सोडले तर कोणाला यातलं काही समजलं नसेल. तरी सगळे गंभीरपणे ऐकत होते. मी खाली येऊन यमुनाबाईंशेजारी बसले. खीर वाढायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी माझी वाटी पुढे केली.

सोमवारी मॅनेजरांना भेटले. सगळं सांगितलं. ते आधी वैतागले. शेवटी म्हणाले, “त्यांना टेबलावर घ्या. आणि नवीन येणाऱ्या बायकांना माल कसा ओळखायचा, ते त्यांनाच दाखवू द्या.” हंगाम सुरू झाला की यमुनाबाई येतील. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांची सूनही येणार आहे.

हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगितलं असतं, तर तुम्ही मधेच थांबवून विचारलं असतं, “ते असू दे. ती काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांग.”

सांगते, बाई. विहाराच्या पायऱ्यांवर चपला शोधताना मी त्यांची माफी मागितली आणि उद्याच मॅनेजरांशी बोलून तुम्हाला टेबलावर परत आणते, असं म्हणाले. त्यांनी चप्पल पायात सरकवली, पिशवी खांद्याला लावली. म्हणाल्या, “मला ठावं व्हतं म्याडम. नळापाशी मी असायची, तुम्ही तिथून रोज जायच्या, खाली बघून. आता मी टेबलाशी आसंन. वर बघून जावा.”